व्यवसायनेतृत्व व सेवकवर्ग व्यवस्थापन

व्यवसायाचे उद्दिष्ट साध्य व्हावे म्हणून त्यात काम करणाऱ्या माणसांची निवड करणे, त्यांना कामे नेमून देणे, शिकविणे, एकत्र बांधून ठेवणे आणि स्वेच्छेने काम करण्यास प्रवृत्त करणे, या प्रक्रियेस व्यवसायनेतृत्व असे म्हणता येईल. सेवकवर्ग व्यवस्थापन ही याच प्रक्रियेची नियमबद्ध बाजू होय. भरती, वेतन, रजा, बढती, शिस्त, गाऱ्हाण्यांचे निवारण व कल्याणकार्य यांचा तीत समावेश होतो. मोठ्या उद्योगसंस्थेत या दोन बाजू वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. लहान व्यवसायात मात्र त्या एकाच व्यक्तीच्या, बहुधा मालकाच्या, ठायी एकवटलेल्या असतात आणि म्हणून तेथे नेतृत्वाचा कस अधिक लागतो.

अधिकार आणि नेतृत्व : अधिकार हा पदाबरोबर येतो, नेतृत्व माणसे मान्य करतात तेव्हाच ते अस्तित्वात येते. वेतन देणाऱ्याचा हुकूम नोकर पाळतो. परंतु हुकमात न सांगितलेली गोष्ट तो स्वतःहून करील की नाही, हे अधिकारावर अवलंबून नसते. गोदामाच्या छपरातून पाणी गळत असल्याचे पाहून रात्री पोती हलविणारा हमाल आणि ‘ते माझे काम नव्हे’ म्हणून निघून जाणारा हमाल यांची मजुरी सारखीच असते. दोघांच्या वागण्यातील अंतर हे मालकाच्या नेतृत्वाचे माप होय. माणूस कामावर टिकून राहण्याची कारणेही दोन प्रकारची असतात. एक, त्याला सोडून जाता येत नाही म्हणून. दुसरे, त्याला जावेसे वाटत नाही म्हणून. पहिल्या प्रकारात कर्ज, आगाऊ रक्कम, धाक वा बेकारीची भीती ही बंधने काम करतात, तर दुसऱ्यात विश्वास, न्याय आणि उद्याविषयीची खात्री. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, श्रमव्यवहाराचा इतिहास मोठ्या प्रमाणात या दोन प्रकारांमधील ओढाताणीचा इतिहास आहे.

विचाराचा विकास : माणसांकडून काम करून घेण्याचा शास्त्रशुद्ध विचार विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली. कामाचे लहान लहान भाग पाडावेत, प्रत्येकास लागणारा वेळ मोजावा, योग्य माणूस निवडून त्याला उत्तम पद्धत शिकवावी आणि अधिक उत्पादनास अधिक वेतन द्यावे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यामुळे उत्पादकता वाढली; पण विचार करणारा वर्ग व हात चालविणारा वर्ग अशी फूटही पडली. फ्रेंच खाणव्यवस्थापक आंरी फायोल याने १९१६ मध्ये व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे सांगितली. त्यांपैकी आज्ञैक्य (एका सेवकाला एकाच वरिष्ठाकडून आज्ञा मिळावी), समन्याय, सेवेचे स्थैर्य आणि संघभावना ही तत्त्वे लहानशा दुकानासही लागू पडतात. घरच्या व्यवसायात वडील एक सांगतात, मुलगा दुसरे आणि काका तिसरे, तेव्हा आज्ञैक्याचाच भंग झालेला असतो.

शिकागोनजीकच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनी विचाराला वेगळे वळण दिले. प्रकाश, विश्रांती इत्यादींत बदल करून उत्पादनावर होणारा परिणाम पाहणे, हा मूळ हेतू होता. परंतु आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे ही जाणीव आणि गटातील परस्परसंबंध यांचाही कामावर मोठा प्रभाव पडतो, असा निष्कर्ष एल्टन मेयो व त्याच्या सहकाऱ्यांनी काढला. पुढील काळात या प्रयोगांच्या पद्धतीवर बरीच टीका झाली. तथापि ‘मानवी संबंध’ या विचारसरणीचा पाया त्यांतूनच घातला गेला. कुर्ट ल्यूइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांवर केलेल्या अभ्यासात हुकूमशाही, लोकशाही व निर्हस्तक्षेपी अशा तीन नेतृत्वशैलींची तुलना केली. हुकूमशाही पद्धतीने चालणाऱ्या गटातील मुले नेता समोर असेपर्यंत काम करीत आणि तो खोलीबाहेर गेला की ते मंदावे. लोकशाही पद्धतीच्या गटात नेत्याच्या अनुपस्थितीतही काम बऱ्याच अंशी चालू राही. डग्लस मॅक्ग्रेगर याने १९६० मध्ये असे दाखवून दिले, की मालकाच्या मनात माणसाविषयी जे गृहीत असते तसेच त्याचे व्यवस्थापन घडते. माणूस स्वभावतः आळशी आहे असे मानणारा मालक पाळत व शिक्षा यांवर भर देतो. माणसाला जबाबदारी हवी असते असे मानणारा ती सोपवून पाहतो. कोणतीही एकच शैली सर्व प्रसंगी योग्य नसते, हे फ्रेड फीडलर याने १९६७ मध्ये मांडलेल्या प्रसंगसापेक्ष सिद्धांताचे सार आहे. आग लागली असता सभा भरवून भागत नाही आणि नवी यंत्रे आणण्याचा निर्णय केवळ हुकमाने पचनी पडत नाही.

भारतातील महत्त्वाचा प्रयोग अहमदाबाद येथील कॅलिको गिरणीत १९५३ मध्ये ए. के. राइस या ब्रिटिश अभ्यासकाने केला. तेथे स्वयंचलित माग बसविल्यानंतरही उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते. एका विभागातील कामगारांवर अनेक वेगवेगळी कामे विखुरलेली होती आणि कोण कोणाबरोबर काम करतो हे निश्चित नव्हते. मागांचा ठरावीक संच एका लहान गटाकडे सोपविण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा कामगारांनी व पर्यवेक्षकांनी ती उचलून धरली व गट स्वतःच ठरविले. काही काळातच उत्पादन वाढले आणि खराब मालाचे प्रमाण घटले.

महाराष्ट्रातील परंपरा : मुंबईच्या कापड गिरण्यांत आरंभापासून माणसांचे व्यवस्थापन ‘जॉबर’च्या हाती होते. तो कामगार गावाहून आणी, त्याला काम देई, त्याच्यावर देखरेख करी आणि वाटल्यास त्याला काढूनही टाकी. व्यवस्थापक व कामगार यांची भाषा, जात व राहणी भिन्न असल्याने हा मध्यस्थ दोघांनाही सोयीचा होता; परंतु नोकरी देण्यासाठी तो दस्तुरी घेई आणि अनेकदा कामगार त्याचा ऋणकोही असे. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबर या आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घेण्याची आणि स्वतंत्र श्रमाधिकारी नेमण्याची शिफारस केली. मुंबईत १९३५ पासून बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत सुरू झाली. कामगारांची बाजू संघटितपणे मांडण्याचा आरंभ त्याच्या अर्धशतक आधीच झाला होता. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये त्यांच्या प्रयत्नांमुळे रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली.

मालकाच्या बाजूने झालेल्या प्रयत्नांमध्ये नागपूरच्या एम्प्रेस मिलचे उदाहरण उल्लेखनीय आहे. जमशेटजी टाटा यांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली आणि तिची व्यवस्था रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेले बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे दिली. कामगारांची गैरहजेरी ही गिरणीची मोठी अडचण होती. सण, लग्न वा शेतीचे काम निघाले की माणसे येत नसत. दंड वाढविण्याऐवजी बेझनजींनी नियमित हजेरीबद्दल बक्षिसे, हवा खेळती व दमट ठेवण्याची यंत्रे, निवृत्तिवेतनाची तरतूद आणि पुढे अपघाताची भरपाई असे उपाय योजले. यांतील बऱ्याच गोष्टी कायद्याने सक्तीच्या होण्यास त्यानंतर अनेक दशके जावी लागली. कामगाराला गिरणीत राहण्याचे कारण मिळाले, की त्याला धरून ठेवावे लागत नाही, हे या प्रयोगाने दाखविले.

ग्रामीण परिसरातील उद्योगाचे ठळक उदाहरण किर्लोस्करवाडी हे होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचा बेळगाव येथील कारखाना नगरपालिकेच्या विस्तारयोजनेमुळे हलविण्याची पाळी आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलनजीकची निवडुंगाने भरलेली माळजमीन व कर्जाऊ रक्कम देऊ केली. १९१० मध्ये तेथे कारखाना व वसाहत यांचा एकाच वेळी आरंभ झाला. पहिले कामगार आपल्या कुटुंबांसह आले. राने तोडणे, राहण्याच्या झोपड्या उभारणे आणि भट्ट्या सुरू करणे ही कामे मालक व कामगार यांनी मिळून केली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज असल्याने आरंभीचे नांगर विकले जाण्यास बराच काळ लागला. त्या काळात माणसे सोडून गेली नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. लक्ष्मणरावांनी वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांनाही त्यांनी कामे दिली व राखणीसारख्या विश्वासाच्या जागीही नेमले. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये सुरू केलेले किर्लोस्कर खबर हे पत्र प्रथम कारखान्याची माहिती देण्यासाठी होते. त्याचेच पुढे किर्लोस्कर हे मासिक झाले. मालकाची वसाहत, मालकाची शाळा आणि मालकाचेच नियम अशा पितृवत् व्यवस्थेत कामगाराचे स्वातंत्र्य आक्रसते, हा आक्षेप अशा सर्व वसाहतींना लागू पडतो. तथापि निर्जन माळावर कुशल कारागिरांची पिढी घडविण्याचे कार्य या व्यवस्थेनेच केले, हेही तितकेच खरे आहे.

सहकारी साखर कारखान्यांनी नेतृत्वाचा वेगळाच प्रश्न निर्माण केला. प्रवरानगर येथील कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील यांचे लोकसंघटन व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे अध्यक्षपद यांचा मेळ जमला. अशा संस्थेत ऊस घालणारा सभासद हा मालकही असतो व पुरवठादारही. संचालक मंडळ निवडून येते आणि कार्यकारी संचालक नेमला जातो. धोरण मंडळाने ठरवावे व दैनंदिन कारभार व्यवस्थापकाने पाहावा, ही मर्यादा पाळली गेली तेथे कारखाने चांगले चालले. निवडणुकीतील पाठिंब्याची परतफेड म्हणून गरजेपेक्षा अधिक नोकरभरती झाली, तेथे वेतनाचा बोजा वाढून संस्था आजारी पडल्या.

मालक व नोकर हा भेदच नाहीसा करण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले आहेत. मुंबईतील डबेवाल्यांची व्यवस्था १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांच्यापासून सुरू झाली असे मानतात. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेले डबेवाले गटागटांनी काम करतात आणि प्रत्येक गटावर अनुभवी मुकादम असतो. मुकादम स्वतःही डबे वाहतो, नवख्याला शिकवितो, तंटे मिटवितो आणि कोणी आजारी पडल्यास त्याची जागा भरून काढतो. गटाची मिळकत सदस्यांत वाटली जात असल्यामुळे एकाच्या चुकीचा तोटा सर्वांना जाणवतो व शिस्त वरून लादावी लागत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेत काम करणारी प्रत्येक स्त्री ‘बहीण’ म्हणून ओळखली जाते व नफ्यातोट्याची वाटेकरी असते.

मराठवाड्यातील श्रमव्यवहार : १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात मोठे उद्योग फार थोडे होते. नांदेडची उस्मानशाही मिल व औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथील कापड गिरणी हे अपवाद म्हणता येतील. त्यामुळे माणसे कामास लावण्याच्या येथील रीती प्रामुख्याने शेतीतून आलेल्या आहेत. त्यांपैकी सालगड्याची पद्धत सर्वपरिचित आहे. गुढी पाडव्याला वर्षाचा करार ठरतो; साल पैशांत वा काही भाग धान्यात असते आणि त्यातील काही रक्कम आधीच उचल म्हणून दिली जाते. करार तोंडी असला, तरी दोन्ही बाजूंनी तो पाळण्याचा संकेत आहे. चांगला सालगडी हा शेताचा कारभारीच असतो. बैल केव्हा जुंपावेत, वाफसा आला की नाही, हे तो ठरवितो आणि जाणता मालक त्यात ढवळाढवळ करीत नाही. उचल फिटली नाही तर मात्र त्याला पुढील पाडव्यालाही तेथेच राहणे भाग पडते.

याहून मोठ्या प्रमाणावरील व्यवस्था म्हणजे ऊसतोडणीची टोळी. बीड जिल्हा हे तिचे प्रमुख क्षेत्र असले, तरी नांदेड, लातूर, परभणी इत्यादी जिल्ह्यांच्या कोरडवाहू व डोंगराळ पट्ट्यांतूनही दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात आणि उचल कोयत्यामागे ठरते. कारखाना वा वाहतूक ठेकेदार मुकादमाला रक्कम देतो. मुकादम ती कुटुंबांना वाटतो, टोळी जमवितो, फडावर नेतो, कामाची वाटणी करतो, वजनाचा हिशेब ठेवतो आणि कमिशन घेतो. माणसांची पारख, आजारपणाची सोय, भांडणांचा निवाडा आणि कारखान्याशी बोलणी ही नेतृत्वाची सर्व कामे त्याच्याकडे असतात. एखादे कुटुंब पळून गेल्यास त्याच्या उचलीची जबाबदारी मुकादमावर येते. या जोखमीमुळे तो विश्वासापेक्षा वसुलीवर अधिक विसंबू लागतो आणि उचलीचे रूपांतर बेडीत होते. कामाचा दिवस चुकला तर ‘खाडा’ पडतो व त्याचा दंड कापला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला व शासनाने चौकशी समिती नेमली. त्या वेळी खाड्याची धास्ती हेही त्यामागील एक कारण म्हणून चर्चिले गेले. त्याच वर्षी ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन करण्यात आले. विश्रांतीला दंड लावणारी व्यवस्था अखेरीस माणसाचे शरीरच मोडते, हे या प्रकरणाने स्पष्ट झाले.

देवणीसारख्या तालुक्याच्या गावातील व्यवसाय : लातूर जिल्ह्यातील देवणी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण असून दुधाळ व कष्टाळू अशा दुहेरी गुणांच्या देवणी गोवंशामुळे ते देशभर प्रसिद्ध आहे. अशा गावी आडत दुकान, डाळ मिल, कृषिसेवा केंद्र, दूध संकलन, वीटभट्टी, बांधकामाची ठेकेदारी, खानावळ, वाहन दुरुस्ती यांसारखे, दोन-चारपासून वीस-पंचवीस माणसांपर्यंतचे व्यवसाय आढळतात. त्यांतील नेतृत्वाची वैशिष्ट्ये मोठ्या कारखान्यापेक्षा भिन्न असतात.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे हंगाम. सोयाबीनची आवक दसऱ्यापासून व तुरीची संक्रांतीनंतर वाढते. तेव्हा हमाल, मापाडी व दिवाणजी यांना रात्रंदिवस काम पडते, तर उन्हाळ्यात तेवढे काम नसते. मंदीच्या काळात माणसाला अर्धे का होईना काम देणारा मालकच हंगामात त्याच्यावर भरवसा ठेवू शकतो. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे नातेसंबंध. मालक व नोकर एकाच गावचे, पुष्कळदा एकाच भावकीतील असतात. चुकलेल्या भाच्याला रागावले तर त्याचे पडसाद घरापर्यंत उमटतात आणि न रागावले तर इतर नोकरांचा न्यायावरील विश्वास उडतो. वेळ, हजेरी व पैशाचा हिशेब यांचे नियम सर्वांना, मालकाच्या मुलालाही, सारखे लागू करणे हाच यावर उपाय ठरतो. तिसरे वैशिष्ट्य भाषेचे होय. सीमाभागात मराठी, कन्नड, दखनी उर्दू, क्वचित तेलुगूही बोलणारी माणसे एकत्र काम करतात. ज्याला हुकूम पूर्णपणे समजला नाही त्याला बेपर्वा ठरविण्यापूर्वी भाषेची अडचण तपासावी लागते. चौथे वैशिष्ट्य म्हणजे मालकाची अपरिहार्यता. खरेदी, उधारी, बँक आणि वसुली हे सारे तो स्वतःच पाहतो. त्यामुळे तो आजारी पडला की दुकान बंद पडते.

नेतृत्वाची प्रत्यक्ष अंगे : (१) निवड : शिफारस, नाते वा जात यांपेक्षा काम प्रत्यक्ष करवून पाहणे हीच खरी कसोटी होय. काही दिवस परीक्षणार्थ ठेवून, काम, वेतन व सुटी यांच्या अटी आरंभीच स्पष्ट सांगणे इष्ट असते. तोंडी ठरलेल्या गोष्टी वहीत लिहून दोघांनी सह्या केल्यास पुढील अनेक तंटे टळतात.

(२) शिक्षण : काम करून दाखविणे, नंतर समोर करवून घेणे आणि शेवटी एकट्याने करू देणे, असा क्रम असतो. पहिल्याच दिवशी काम सोपवून चूक होताच ओरडणे हे शिक्षण नव्हे.

(३) अधिकारप्रदान : काम सोपविताना त्यासाठी लागणारा अधिकारही सोपवावा लागतो. दिवाणजीने उधारी वसूल करावी पण दहा रुपयांची सूट देण्यासही मालकाला विचारावे, अशी रीत असल्यास जबाबदारी त्याची व अधिकार दुसऱ्याचा, अशी स्थिती होते. आरंभी मर्यादित रकमेपर्यंत निर्णय घेऊ देऊन, हिशेब दर आठवड्यास पाहून, ती मर्यादा वाढवीत नेणे श्रेयस्कर. सोपविलेल्या कामाचे अंतिम उत्तरदायित्व मात्र सोपविणाऱ्याकडेच राहते.

(४) वेतन व उचल : वेतनाचा दिवस ठरलेला असणे, हे वेतनाच्या रकमेइतकेच महत्त्वाचे आहे. मालाचे पैसे अडकले म्हणून मजुरी थांबविणे म्हणजे व्यापारातील जोखीम सर्वांत दुर्बल माणसावर टाकणे होय. लग्न, दवाखाना यांसाठी उचल देणे ग्रामीण भागात अटळ असते. मात्र तिचा हिशेब नोकराच्या हाती असावा, कपात ठरावीक असावी आणि नोकरी सोडताना ती फेडण्याचा मार्ग खुला असावा. अन्यथा मदतीचे रूपांतर वेठीत होते.

(५) प्रशंसा व ठपका : चांगल्या कामाची दखल चारचौघांत आणि चुकीची जाणीव एकांतात द्यावी, हा जुना व्यवहारधर्म आहे. ठपका कृत्याला द्यावा, व्यक्तीला नव्हे. तिची जात, गाव, घर वा शिक्षण यांचा उल्लेख त्यात येऊ नये. बाजू ऐकून घेतल्याखेरीज शिक्षा करू नये. चोरी, मारहाण वा स्त्रीकामगाराशी गैरवर्तन यांसारख्या प्रसंगी मात्र दिरंगाई करणे हाच अन्याय ठरतो.

(६) गाऱ्हाणी : लहान व्यवसायात गाऱ्हाणे बहुधा बोलून दाखविले जात नाही, ते उशिरा येण्यातून, तुटलेल्या पोत्यातून किंवा अचानक काम सोडण्यातून प्रकट होते. म्हणून आठवड्यातून एकदा काम थांबवून दहा मिनिटे सर्वांचे ऐकून घेणे उपयुक्त असते. ऐकलेली प्रत्येक मागणी मान्य करता येत नाही. पण नकाराचे कारण सांगता येते.

(७) उत्तराधिकार : पुढील पिढीला गादीवर बसविण्यापूर्वी तिला गोदामात, वजनकाट्यावर व वसुलीला पाठविणे आवश्यक असते. ज्या वारसाने पोते उचललेले नाही त्याचा हुकूम हमाल पाळतात, पण त्याला मनातून मानीत नाहीत.

कायद्याची चौकट : औद्योगिक विवाद अधिनियम (१९४७), कारखाना अधिनियम (१९४८), किमान वेतन अधिनियम (१९४८), भविष्य निर्वाह निधी (१९५२), बोनस (१९६५) व उपदान (१९७२) यांविषयीचे अधिनियम यांनी मालकाच्या मर्जीवरील अनेक गोष्टी हक्काच्या केल्या. संसदेने २०१९ व २०२० मध्ये चार श्रमसंहिता संमत करून अशा विविध अधिनियमांचे एकत्रीकरण केले. महाराष्ट्रातील माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम (१९६९) हा आडत व्यवहाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या लढ्यातून आलेल्या या अधिनियमाने मंडळे स्थापून कामगारांची नोंदणी, मजुरीचा भरणा व कल्याणनिधी यांची सोय केली. एकाच मालकाचा नोकर नसलेल्या हमालालाही भविष्याची तरतूद मिळू शकते, हे यामुळे सिद्ध झाले. २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा अधिनियम लहान आस्थापनांनाही लागू आहे. दहापेक्षा कमी सेवक असलेल्या ठिकाणच्या तक्रारी जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडे करता येतात. [⟶ औद्योगिक संबंध, कामगार कायदे].

मर्यादा : चांगले नेतृत्व हा सर्व आर्थिक अडचणींवरील उपाय नव्हे. एम्प्रेस मिल कल्याणकार्यात अग्रेसर असूनही अखेरीस बंद पडली. मुंबईतील गिरणी कामगारांचा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी लढविला. वेतनाइतकाच, प्रतिनिधी कोण हे ठरविण्याच्या कामगारांच्या हक्काचा प्रश्नही त्यात गुंतलेला होता. मालक, शासन व मान्यताप्राप्त संघटना यांच्याशी संवादाचे मार्ग खुंटल्याने संपाला तडजोडीचा शेवट लाभला नाही. हजारो कुटुंबे कोकणात, घाटावर परतली आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालू झाल्याच नाहीत. यंत्रे जुनी झाली होती, बाजार यंत्रमागांकडे वळला होता व जमिनीच्या किमती वाढल्या होत्या; या कारणांचा निरास केवळ नेतृत्वाने झाला नसता. तथापि संवाद वेळीच झाला असता, तर या स्थित्यंतराचा भार एकट्या कामगारावर पडला नसता.

लहान व्यवसायाचीही अशीच स्थिती असते. अवर्षण, पडलेले भाव किंवा बुडालेली उधारी यांवर मालकाचा ताबा नसतो. तोट्याची बातमी माणसांपासून लपवावी की त्यांना सांगून मार्ग काढावा, पहिली कपात कोणाच्या ताटातील करावी आणि काम संपल्यावर निघणाऱ्या माणसाचा हिशेब पुरा करून त्याला निरोप द्यावा की नाही, एवढे मात्र त्याच्या हाती असते. त्या गावात पुढील हंगामी माणसे त्याच्याकडे येतील की नाहीत, हे बहुधा यावरूनच ठरते.